पाटी चुकली तर दंड कोणास?

आपल्या शहरांतून आज ज्याच्या पोटांत कोणी हात घातलेला नाहीं असा रस्ता सांपडणें कठीण झालें आहे. कोठें पाण्याचे नळ, कोठें सांडपाण्याच्या वाहिन्या, कोठें मेट्रोचे खांब. रस्ता खणला कीं त्याच्या तोंडाशीं लोखंडी कठडे उभे राहतात, ‘पुढें काम चालू आहे, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोंत’ अशी पाटी लागते, आणि एक बाण आपणांस दुसरीकडे वळावयास सांगतो. बाण बरोबर असला तर थोडा फेरा पडतो, एवढेंच. परंतु बाण चुकीच्या जागीं असला, किंवा बाणाचें म्हणणें दुसऱ्या एखाद्या पाटीनें खोडून काढलें, तर गुन्हेगार ठरतो तो वाहन चालविणारा, आणि दंडाची सूचना येते ती त्याच्या घरीं. अशा वेळीं आपण काय करावें, कायदा आपल्याला काय सांगतो, आणि पाटी लावणाऱ्यांनाही तो काय सांगतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा विषय मीं पुस्तकांतून काढलेला नाहीं. कांहीं महिन्यांपूर्वीं संध्याकाळीं साडेसातच्या सुमारास मी बहिणीला आणावयास स्टेशनकडे निघालों होतों. नेहमीचा रस्ता चौकापाशींच खणून ठेवलेला होता. कठड्यावर पिवळी पाटी, तिच्यावर काळा बाण, बाणाखालीं ‘पर्यायी मार्ग’ हीं अक्षरें, आणि बाणाचें टोक डावीकडच्या पहिल्या गल्लीकडे. माझ्यापुढच्या दोन मोटारी त्या गल्लींत शिरल्या, मीही शिरलों. गल्लींत शिकवणीचे वर्ग आहेत. ते नुकतेच सुटले होते आणि मुलें सायकलींवरून समोरून येत होतीं. आमच्या दिव्यांच्या झोतानें तीं दचकलीं आणि भिंतीला चिकटून उभीं राहिलीं. खरें सांगावयाचें तर मला त्यांचाच राग आला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला वाहतूक शाखेचा एक शिपाई हातांत यंत्र घेऊन उभा होता. त्यानें आमच्या गाड्यांचे फोटो टिपले. चार दिवसांनीं मोबाइलवर ई-चलान आलें: प्रवेश बंद असलेल्या मार्गानें वाहन चालविलें, दंड रुपये पांचशें.

पहिला विचार बहुतेकांच्या मनांत येतो तोच माझ्याही मनांत आला. भरून टाकावे आणि मोकळें व्हावें. पांचशें रुपयांसाठीं कचेऱ्यांचे उंबरठे कोणीं झिजवावे? पण मनाला तें पटेना. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्या चौकांत पायीं गेलों, आणि रात्रीं मोटारींतून जें दिसलें नव्हतें तें दिसलें. गल्लीच्या तोंडाशीं खांबावर ‘प्रवेश बंद’ची तांबडी गोल पाटी खरोखरच होती. मात्र कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक भला मोठा फलक तिच्यापुढें दोऱ्यांनीं आवळून बांधलेला होता. चौकांतून येणाराला पाटीची खालची कड तेवढी दिसत होती. बाण मात्र ठळकपणें आपल्या जागीं होता. म्हणजे एकाच ठिकाणीं एक पाटी ‘इकडून जा’ म्हणत होती, आणि दुसरी, कापडाआडून, ‘जाऊं नको’ म्हणत होती.

शेजारच्या थांब्यावरचे एक रिक्षावाले माझें निरीक्षण पाहत होते. ते जवळ आले. “साहेब, तुम्हालाही बसलें वाटतें? मला तर दोनदां बसलें. पहिल्यांदां पांचशें गुपचूप भरले. आठ दिवसांनीं पुन्हां तेंच. आतां दुसरा गुन्हा म्हणून दीड हजाराचें आलंय. बाण इकडेच दाखवतोय, मग गाडी उडवत न्यायची का?” दीड हजार रुपये म्हणजे त्यांची दोन दिवसांची मिळकत होती. माझ्या लेखीं जो प्रश्न केवळ मनस्तापाचा होता, तो त्यांच्या लेखीं पोटाचा होता.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. मोटार-वाहनांसंबंधीं आपल्याकडे पहिला अखिल हिंदुस्थानचा कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं, आणि आज चालू आहे तो १९८८ चा. त्याचें ११९ वें कलम चालकाचें कर्तव्य सांगतें. आज्ञार्थक पाट्यांप्रमाणें वाहन चालविलें पाहिजे, आणि वाहतुकीचे दिवे व नियमन करणारा पोलीस यांचे इशारेही पाळले पाहिजेत. न पाळल्यास कलम १७७ प्रमाणें पहिल्या गुन्ह्यास पांचशें रुपयांपर्यंत आणि पुढील गुन्ह्यास दीड हजारांपर्यंत दंड होतो. हे आंकडे २०१९ च्या दुरुस्तीनें आले. पूर्वीं ते शंभर व तीनशें होते. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध गाडी चालविल्याचा आरोप ठेवला गेला तर प्रकरण कलम १८४ खालीं, म्हणजे ‘धोकादायक रीतीनें वाहन चालविणें’ या सदरांत जाऊं शकतें. तेथें दंड एक हजारापासून पांच हजारांपर्यंत आहे, कैदेची तरतूद आहे, आणि परवानाही कांहीं काळ हातचा जाऊं शकतो. ज्याचा चरितार्थ परवान्यावर चालतो त्यानें चलानावर कोणतें कलम लिहिलें आहे हें आधीं पाहावें तें याचसाठीं.

चालकाच्या कर्तव्याची ही बाजू सर्वांस थोडीफार ठाऊक असते. त्याच कायद्याचीं ११५ व ११६ हीं दोन कलमें मात्र आपण सहसा उघडून पाहत नाहीं. सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं किंवा सोयीसाठीं एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार कलम ११५ शासनाला आणि त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यांना देतें. मात्र त्याच वाक्यांत तें एक अटही घालतें. बंदी घातली कीं तिच्या योग्य त्या पाट्या योग्य त्या ठिकाणीं लावल्याच पाहिजेत. बंदी एक महिन्याहून अधिक काळाची नसेल तर राजपत्रांत ती प्रसिद्ध करण्याची गरज नाहीं, पण परिस्थितीप्रमाणें स्थानिक प्रसिद्धी तरी दिलीच पाहिजे. कलम ११६ पाट्यांविषयीं आहे. पाटीचा आकार, रंग आणि अर्थ हे कायद्याच्या परिशिष्टांत ठरवून दिलेले आहेत. अधिकार नसलेल्या कोणालाही वाहतुकीची पाटी उभारतां येत नाहीं. आणि एखाद्या जाहिरातीनें वाहतुकीची पाटी झांकली जात असेल, किंवा तिच्यासारखी दिसून चालकाची दिशाभूल होत असेल, तर ती जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार पोलिसांना आहे. तेव्हां पाटी पाळणें हें जसें आपलें कर्तव्य, तशी ती दिसेल अशी लावणें आणि दिसती ठेवणें ही शासनाची जबाबदारी आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाणानें सांगितलें म्हणून प्रवेश-बंदीची पाटी आपोआप रद्द होते, असें पुष्कळांना वाटतें. तसें नाहीं. पाट्यांना स्वतःची एक भाषा आहे, आणि ती आकारांची भाषा आहे. गोल पाटी आज्ञा करते, त्रिकोणी पाटी सावध करते, आणि चौकोनी पाटी माहिती देते. ‘थांबा’ची अष्टकोनी पाटी आणि ‘आधीं दुसऱ्याला जाऊं द्या’ असें सांगणारी उलट्या त्रिकोणाची पाटी हे या नियमाचे ठळक अपवाद. त्या दोन्हीं आज्ञाच आहेत. आज्ञार्थक पाटीची व्याख्या करतांना कलम ११९ परिशिष्टांतील आज्ञार्थक पाट्यांबरोबरच तांबड्या पृष्ठाच्या किंवा तांबड्या काठाच्या गोल तबकडीचा उल्लेख करतें. तेव्हां काटेकोर हिशेबानें चौकोनी बाणापेक्षां गोल तबकडीचा शब्द वरचढ. ती तबकडी उघडी असती आणि बाणावर विसंबून मी आंत शिरलों असतों, तर माझी बाजू लंगडीच ठरली असती. माझें म्हणणें इतकेंच होतें कीं, ती आज्ञा माझ्यापर्यंत पोंचलीच नाहीं, आणि जी सूचना पोंचली तिनें मला उलट दिशेला नेलें.

यावर कोणी म्हणेल, ‘कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाहीं.’ अगदीं खरें. परंतु कायद्याविषयींची चूक आणि वस्तुस्थितीविषयींची चूक यांत कायदा फरक करतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ७९ व्या कलमांत हें तत्त्व होतें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १७ व्या कलमांत तें कायम आहे. वस्तुस्थितीविषयींच्या गैरसमजामुळें, पण सद्भावानें, आपण कायद्याला धरूनच वागत आहोंत असें समजून केलेलें कृत्य गुन्हा होत नाहीं. ‘एकेरी रस्त्यांत उलट जाऊं नये हें मला ठाऊक नव्हतें’ ही कायद्याविषयींची चूक. तिला क्षमा नाहीं. ‘रस्ता एकेरी आहे हें मला दिसलें नाहीं, कारण पाटी झांकलेली होती आणि अधिकृत बाण तिकडेच वळवीत होता’ ही वस्तुस्थितीविषयींची चूक. तिच्यावर उभें राहतां येतें. मात्र सद्भाव या शब्दाची कायद्यांतील कसोटी कडक आहे. योग्य ती काळजी आणि लक्ष दिल्यावांचून केलेल्या गोष्टीला कायदा सद्भावाची म्हणत नाहीं. मोबाइलवर बोलत असतांना पाटी दिसली नाहीं, असें सांगणाराला या तत्त्वाचा आसरा मिळणार नाहीं. म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपण त्या वेळीं खरोखर सावध होतों काय, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.

पाटी नीट लावली होती कीं नाहीं, हें तरी कशावरून ठरवावयाचें? यासाठीं रूढ प्रमाणें आहेत. १९३४ सालीं स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें रस्त्याच्या कामाच्या जागीं वाहतूक कशी सांभाळावी यासंबंधीं एक स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यांत कामाच्या जागेचे चार भाग कल्पिले आहेत. पहिल्या भागांत चालकाला बऱ्याच अंतरावरून सावध करावयाचें. दुसऱ्यांत त्याला हळूहळू वळवावयाचें. तिसऱ्यांत प्रत्यक्ष काम. आणि चौथ्यांत त्याला पुन्हां नेहमीच्या वाटेवर आणून सोडावयाचें. आपल्याकडे बहुधा यांतला तिसराच भाग तेवढा अस्तित्वांत असतो! पहिल्या भागाची गरज साध्या हिशेबानें समजते. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें अकरा मीटर पुढें जाते. पाटी दिसणें, वाचणें आणि काय करावें हें ठरविणें यांस तीन सेकंद धरले, तर तेवढ्यांत तेहतीस मीटर रस्ता मागें पडतो. मग जी पाटी वळणाच्या दहा मीटर अलीकडे लावलेली आहे, ती वाचून होईपर्यंत चालक वळणाच्या पुढें गेलेला असतो. रात्रीं, पावसांत, आणि मागून कर्णे वाजत असतांना काय होत असेल, तें सांगावयास नको.

रस्त्याचें काम करणाऱ्यांना काहींच जबाबदारी नाहीं काय? आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत १९८-अ हें कलम आलें. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या प्रमाणांप्रमाणें न ठेवल्याबद्दल अधिकारी, कंत्राटदार व सल्लागार यांना त्यानें एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. परंतु त्या चुकीमुळें कोणाचा मृत्यू ओढवला किंवा कोणाला अपंगत्व आलें, तरच तें कलम लागू होतें. तोंवर चुकीच्या बाणाला या कलमाचा धाक नाहीं. अपघात होण्यापूर्वीं तो बाण चुकीचा आहे असें लेखी सांगणारा एकच मनुष्य असतो. ज्याला त्या बाणामुळें दंड झाला तो. त्यानें मुकाट्यानें पैसे भरले, तर सरकारच्या दफ्तरीं नोंद होते ती एका बेशिस्त चालकाची. बाणाची नोंद कोठेंच होत नाहीं.

हें ध्यानीं घेऊन मीं काय केलें तें क्रमानें सांगतों. कोणाला उपयोगी पडेल. प्रथम चलान नीट वाचलें. कलम, स्थळ, वेळ आणि सोबतचा फोटो महाराष्ट्रांत वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरील त्यांच्या अ‍ॅपवर पाहतां येतो, आणि तेथेंच तक्रारही नोंदवितां येते. मग त्याच वेळीं, म्हणजे संध्याकाळीं साडेसातलाच, मी चौकांत पुन्हां गेलों आणि चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घेतले: पहिला दुरून, दुसरा कठड्यापासून, तिसरा गल्लीच्या तोंडाशीं, आणि चौथा झांकलेल्या पाटीचा अगदीं जवळून. फोटो लगेच घ्यावे, कारण रस्त्याचें काम रोज पुढें सरकतें आणि आज दिसणारी पाटी उद्यां नसते. मूळ फोटो मोबाइलमधून पुसूं नयेत. त्यांतच दिवस व वेळ नोंदलेली असते, आणि न्यायालयांत त्यांचा प्रश्न आला तर मूळच विचारलें जातें. एका कागदावर चौकाचा साधा नकाशा काढला, आणि त्यावर बाण, गोल पाटी, फलक व माझ्या गाडीची वाट दाखविली.

यानंतर खरा शोध लागला तो रद्दींत. रस्ता बंद केल्याची अधिसूचना वर्तमानपत्रांत आली असली पाहिजे, असें माझ्या पत्नीनें सुचविलें, आणि महिन्याच्या गठ्ठ्यांतून तिनें तो अंक काढलाही. अधिसूचनेंत लिहिलें होतें: वाहनांनीं चौकापुढील दुसऱ्या गल्लीनें जावें. बाण मात्र पहिल्या गल्लीवर! अधिकाऱ्यांचा हुकूम बरोबर होता. कठडे मांडणारांनीं बाण एक गल्ली अलीकडे ठेवला होता. ज्यांना असें कात्रण मिळणार नाहीं त्यांनीं २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणें अर्ज करून हुकुमाची प्रत मागावी. शुल्क दहा रुपये आहे आणि सर्वसाधारणपणें तीस दिवसांत उत्तर मिळालें पाहिजे. अर्ज पडून आहे म्हणून तक्रार मात्र थांबवूं नये. सूचनेंत दिलेल्या मुदतीच्या आंत ती पोंचली पाहिजे.

तक्रारींत मीं कोणावर ताशेरे झाडले नाहींत. काय दिसलें, काय दिसत नव्हतें, हुकूम काय होता आणि बाण कोठें होता, एवढेंच एका पानांत लिहिलें, आणि शेवटीं चलान रद्द करावें व बाण हलवावा अशा दोन विनंत्या केल्या. त्या कागदाची एक प्रत रस्त्याचें काम ज्यांच्याकडे होतें त्या कचेरींतही दिली आणि पोंच घेतली.

तक्रार फेटाळली गेली असती तर पुढची वाट न्यायालयाची होती. चलान म्हणजे निकाल नव्हे, तो आरोप आहे, हें येथें लक्षांत ठेवावें. दंड भरून प्रकरण मिटविणें याला कायद्याच्या २०० व्या कलमांत तडजोडीचें स्वरूप आहे. ती करणें न करणें आपल्या खुषीवर असतें. मात्र एकदां केली कीं त्या प्रकरणावर पडदा पडतो. लोकअदालतींतही अशीं पुष्कळ प्रकरणें कमी रकमेवर मिटतात. ज्याची चूक खरोखर झाली आहे त्यानें तेथें अवश्य जावें. परंतु लोकअदालतीचें काम तडजोड घडविणें हें आहे; पाटी चुकीची होती कीं नव्हती याचा निवाडा तेथें मिळावयाचा नाहीं. ज्याला आपण निर्दोष आहोंत असें म्हणावयाचें आहे त्यानें सवलतीच्या मोहानें तेथें जाण्यापूर्वीं हा भेद ओळखावा.

माझें चलान तीन आठवड्यांनीं रद्द झालें. त्याच फोटोंच्या व कात्रणाच्या प्रती जोडून त्या रिक्षावाल्यांचीही तक्रार आम्हीं नोंदविली होती; त्यांचें दीड हजारांचें चलानही गेलें. पण आधीं भरलेले त्यांचे पांचशें रुपये परत आले नाहींत. ते प्रकरण त्यांनीं स्वतःच मिटविलें होतें. “तेव्हां कोणी सांगितलें असतें तर,” एवढेंच ते म्हणाले. आजचें हें भाषण करावेंसें वाटलें तें त्यांच्या या वाक्यामुळें.

तक्रार दिल्यानंतर पांचव्या दिवशीं बाण दुसऱ्या गल्लीवर गेला आणि वाढदिवसाचा फलक उतरला. त्या संध्याकाळीं मी मुद्दाम तिकडून गेलों. शिकवणी सुटली होती. मुलें सायकलींवरून पहिल्या गल्लींतून बाहेर पडत होतीं, रस्त्याच्या मधोमध, गप्पा मारीत. ती वाट त्यांचीच होती, आणि ज्या रात्रीं मीं त्यांच्यावर डोळे वटारले त्या रात्रींही ती त्यांचीच होती. माझ्या बाजूनें कायदा होता हें खरें; पण माझ्या गाडीचे दिवे त्यांच्या डोळ्यांवर होते हेंही तितकेंच खरें. चुकीच्या पाटीविरुद्ध तक्रार करावयाची ती आपला दंड वांचविण्यासाठीं तर करावीच. पण आपल्या मागून त्याच बाणावर विसंबून येणारा चालक, आणि त्याच्या समोरून बरोबर वाटेनें येणारें मूल, या दोघांसाठींही ती करावी.